ज्याचा आवाज त्याच्या जागी

परतध्वनी दालनाचा एक नियम होता आणि तो दालन उभारणाऱ्या ऋजुता शिरोळकरने स्वतः घालून दिला होता: जागा सापडली की पाय रोवून तिथंच उभं राहायचं आणि बाकीच्यांना हाक मारायची. कोल्हापूरबाहेरच्या जुन्या दगडखाणीत उभारलेलं ते विज्ञानकेंद्र. ‘हात लावू नका’ ही पाटी तिथे औषधालाही सापडायची नाही. एखादं पोर दालनात कुठेतरी गुपित कुजबुजून पळायचं, भिंतींतलं यंत्र ते परत त्याच जागी सोडायचं आणि मग बाकीची पोरं कान टवकारून ते हुडकत हिंडायची. कुणीतरी किंचाळायचं, “इथं! इथं ऐकू येतंय!” की झालं, सगळी झुंड त्या एका फरशीवर!

आज त्या दालनाचं अर्धं छत खाली आलं होतं. सकाळी भूकंपाचा धक्का बसला, तेव्हा दालनाचा मार्गदर्शक ओजस याने सहलीची सगळी मुलं बाहेर हाकलली आणि स्वतः मात्र आत राहिला. ओजस ऋजुताचा धाकटा भाऊ.

“मॅडम, ढीग केवढा आहे बघताय ना?” बचाव पथकाची प्रमुख तबस्सुम मुजावर म्हणाली. पडक्या इमारती उपसण्यात तिची हयात गेली होती. “भलत्या जागी क्रेनची यारी लावली तर उरलेलं छतही खाली येईल. मुळात तो जिवंत आहे कशावरून?”

ऋजुताने यंत्राचा खटका दाबला. फोडणी तडतडावी तशी खरखर ऐकू आली.

“हा त्याचा आवाज. पडझडीनंतर भिंतींनी टिपलेला. त्यानंतर मात्र काहीच आलेलं नाही.”

“ह्यात बोलणं कुठंय?”

“दगडांतून हजार वाटांनी आला ना, चुरा झालाय त्याचा. पण भिंतीत जसे कान आहेत तशी तोंडंही आहेत. आवाजाचे बारीक बारीक तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा उलटा सोडायचा. शेवटी आलेली लाट आधी, आधी आलेली शेवटी. मग प्रत्येक लाट आल्या वाटेनं माघारी जाते आणि सगळ्या एकाच वेळी मूळ जागी पोचतात. तिथं शब्द पुन्हा उभा राहतो.”

“तिथंच?”

“फक्त तिथंच. हातभर सरकलात की पुन्हा खरखर.”

तबस्सुमने कपाळाला आठ्या घातल्या. “आणि आम्ही आधी एखादी शिळा उचलली तर?”

“तर वाटा बदलल्या. मग संपलंच सगळं.”

“म्हणजे हात न लावता हुडकायचं. तुमच्या केंद्रात पहिल्यांदाच बघा.”

एरवी ऋजुता हसली असती. आत्ता तिने यंत्र लावून दिलं, तोच आवाज फिरफिरून सोडत राहील असं, आणि चपला काढून ती ढिगावर चढली. एकेका फटीला कान लावायचा, श्वास रोखायचा, पुढे सरकायचं. खरखर, नुसती खरखर. पायाखाली खडी घसरली की ती तिथंच थांबायची. देवा, एवढा एकच तर भाऊ आहे मला, ती स्वतःशीच पुटपुटत होती. लहानपणी लपाछपीत तो मुद्दाम खोकायचा, ताईला लवकर सापडावं म्हणून. आता खोक ना रे.

ढिगाच्या माथ्याजवळ दोन शिळांमध्ये थेट खोल खाली जाणारी फट होती. तिने तिथे कान टेकवला.

“...ताई.”

स्वच्छ. घरात शेजारी बसून हाक मारावी तसं. ऋजुताला रडू फुटलं. डोळे पुसायचंही भान न राहता तिने पाय रोवले आणि पोरांना शिकवलं होतं तस्संच ती ओरडली, “सापडला! इथं आहे! या, सगळे इथं या!”

पथक धडाधड वर चढलं. कुणी पहारी आणल्या, कुणी दोर. तबस्सुम तिच्या शेजारी गुडघ्यावर बसली. खाली काहीतरी करकरलं आणि नंतर दबकं, खोल असं हललं. तेवढ्यात यंत्राने आवाज पुन्हा पहिल्यापासून सोडला. या वेळी दोघींचे कान फटीला होते.

“वर चढू नका. खांब माझ्या पायावर तिरका आलाय, वरून वजन पडलं की सरकतो. वर कुणीही चढू नका. मागून या, पाण्याच्या टाकीकडून या, ताई.”

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. तबस्सुमचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“कुणी पळायचं नाही,” ती अगदी हळू म्हणाली. “पहार टाकायची नाही, खाली ठेवायची. एकेक जण, मांजरीच्या पावलानं उतरा.”

ऋजुता सगळ्यात शेवटी उतरली. उतरताना तिने पोटावर झोपून आपलं वजन पसरलं आणि आपल्या देहाचा प्रत्येक किलो तिला त्या क्षणी नकोसा झाला. खाली पाय टेकताच तिने तोंडात पदराचा बोळा कोंबला, कारण तिला किंचाळायचं होतं.

टाकीच्या बाजूची भिंत फोडायला दुपार गेली. ओजसला स्ट्रेचरवर बाहेर आणलं तेव्हा त्याच्या ओठांना भेगा पडल्या होत्या, पण डोळे उघडे होते. डावा पाय गुडघ्याखाली चेचला होता. वाचेल की काढावा लागेल, डॉक्टर अजून सांगत नव्हते.

“आधी एवढा नव्हता गं दुखत,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. “तुम्ही वर आलात ना, तेव्हा खांब बसला.”

ऋजुताने त्याचा हात आपल्या गालाशी धरला.

“माझाच आवाज मला परत परत ऐकू येत होता, ताई. वर चढू नका, वर चढू नका. म्हटलं, चला, यंत्र चालू आहे म्हणजे ताईला सगळं कळलंय. मग जिवाच्या आकांतानं ओरडायचं तरी कशाला? गप्प पडून राहिलो.” तो तिच्याकडे पाहत राहिला. त्याच्या नजरेत राग नव्हता, नुसतं कोडं होतं. “मग चढलीस कशाला गं?”

“अरे,” ऋजुता म्हणाली, “चढल्याशिवाय ऐकू येत नव्हतं.”