मेणाचं बूच

चढ अर्धा चढून झाला आणि गाडीनं दगा दिला.

पिकअपच्या चारही चाकांना जोर देणारा छोटा दांडा आपणहून जागचा उडाला, खालून कडकड आवाज आला, आणि मग इंजिन नुसतंच ओरडत राहिलं. चाकांना त्याचं काही सोयरसुतक उरलं नाही. गाडी मागे सरकायला लागली. तिनं सगळा जीव पायात आणून ब्रेक दाबून धरला. पाठीमागे साखरेची पोती, पुढे सरळ उभा रस्ता...

तेवढ्यात मागच्या चाकाखाली काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. मग काचेवर टकटक.

"हँडब्रेक ओढा," बाहेरचा माणूस म्हणाला. "चाकाला ओंडका लावलाय. आता पाय काढलात तरी चालेल."

तिनं पाय काढला. गाडी हलली नाही.

"काच खाली करा जरा."

"नाही करता येणार."

"का?"

"आत बायका आहेत. बाराजणी."

त्यानं काचेला नाक लावून आत पाहिलं. शेजारच्या सीटवर टिफिनएवढी लाकडी पेटी होती, बाकी कोणी नाही. त्यानं तिच्याकडे पाहिलं – उन्हात माणसाचं डोकं फिरतं, तसं काही झालंय का, हे तपासावं तसं.

"राणीमाश्या आहेत," ती म्हणाली. तिला त्याही अवस्थेत हसू फुटलं. "एसी आत्ताच बंद पडलाय. बाहेरची झळ लागली तर मरतील."

"आणि आत तुम्ही उकडून मेलात तर?"

"मी एकटीच आहे. त्या बारा आहेत."

तो मान हलवत गाडीच्या मागे गेला. त्याचं गॅरेज समोरच होतं, चढाला लागूनच. गाडी ढकलून आत घ्यायला दहा मिनिटं लागली. आत गेल्याबरोबर त्यानं पहिलं काम काय केलं, तर माठाखालची ओली फडकी काढून राण्यांच्या पेटीवर घातली आणि पेटी सावलीत ठेवली. मग पाण्याचा तांब्या तिच्यापुढे केला.

तिनं पाहून ठेवलं – आधी राण्या, मग ती. क्रम तिला आवडला.

गावात त्याला बघू मिस्त्री म्हणत. कारण काहीही विचारा, तो एकच उत्तर द्यायचा. होईल का? बघू. कधी होईल? बघू. गॅरेजच्या दारात त्याची आत्या शिलाई मशीन मांडून गाड्यांच्या सीटा शिवत बसायची. ती म्हणाली, "लग्नाचं विचारलं तरी हेच म्हणतो. आठ वर्षं बघतोय."

"आत्या, सुई बोटात जाईल," मिस्त्री गाडीखालून म्हणाला.

"माझी सुई जाते तिथेच जाते. तुझं सांग."

पण तिला हसत बसायला वेळ नव्हता. डोंगरावरच्या झाडांना कळ्या धरल्या होत्या. सहा दिवसांत फुलोरा सुरू होणार, आणि तो जेमतेम वीस दिवस टिकणार. तेवढ्यात तिला मधमाश्यांच्या चाळीस पेट्या वर न्यायच्या होत्या. वर्षाचा अर्धा मध त्या वीस दिवसांत. वरची वाट अशी, की चारही चाकांना जोर मिळाला तरच गाडी चढते. आणि चारही चाकांना जोर वाटून देणारा डबा, मिस्त्री ज्याला ट्रान्सफर केस म्हणत होता, तोच गेला होता.

"सहा दिवसांत होईल?"

"बघू."

"मला 'बघू' चालत नाही. माझे वडील पेट्या विकायला निघालेत."

तो गाडीखालून बाहेर आला. तिनं सगळं सांगून टाकलं. गुडघे धरल्यापासून वडिलांना डोंगर चढवत नाही. दोन वर्षांपूर्वी तिनंच हट्टानं गाडीची चावी मागून घेतली. गाडीची काळजी मी घेईन, म्हणाली. गेल्या महिन्यात एसी बंद पडून एकदम नऊ राण्या मेल्या, तेव्हापासून वडील म्हणतायत, बास झालं. या वेळी फुलोरा हुकला तर पेट्या व्यापाऱ्याला देऊन टाकू, तू काचेच्या दुकानात नोकरी धर.

मिस्त्रीनं हात पुसले. "उद्या डबा उघडतो," एवढंच म्हणाला. पण त्यात 'बघू' नव्हतं, हे आत्यानं मशीन थांबवून ऐकलं.

दुसऱ्या दिवशी ती गेली तेव्हा डबा टेबलावर उघडा पडला होता. आतली साखळी सैल होऊन लोंबत होती, बेअरिंग जळून निळं पडलं होतं. तेल नावालासुद्धा नव्हतं.

"कोरडा चाललाय बिचारा," तो म्हणाला. "तेल सगळं सीलमधून बाहेर गेलं. पण सील नवीच दिसतेय... मग फुटली कशी?"

तो पुन्हा गाडीखाली शिरला. बऱ्याच वेळानं बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात बोटभर रबरी नळी होती आणि नळीच्या तोंडात पिवळं, घट्ट काहीतरी बसवलेलं होतं.

तिनं ते पाहताक्षणी ओळखलं.

"या डब्याला श्वास घ्यायला ही नळी असते," तो समजावत होता. "चालताना डबा तापतो, आतली हवा फुगते. तिला बाहेर पडायला वाट पाहिजे. वाट बुजली, की ती सील फोडून तेलासकट बाहेर येते. हे टोक वर चॅसिसला बांधलेलं, तिथवर धग पोचत नाही, म्हणून वितळलं नाही हे. कोणी घातलं असेल?"

तिला तो दिवस लख्ख आठवला. नळीच्या टोकाला तेलाचे थेंब दिसले होते. इथूनच गळतंय, असं वाटून तिनं चिमूटभर मेण हातात मळलं, ऊन केलं आणि बूच बसवलं. चांगलं दाबून. घरी पेटीची फट बुजवतात ना, अगदी तसं. स्वतःवरच खूश झाली होती तेव्हा.

"माहीत नाही," ती म्हणाली.

त्यानं ते बूच नाकाजवळ नेलं. मग कागदात गुंडाळून फळीवर ठेवलं आणि म्हणाला, "बघू."

त्या रात्री तिला झोप लागली नाही, हे वेगळं सांगायला नको.

साखळी आणि बेअरिंग यायला दोन दिवस लागणार होते. मधल्या वेळात त्यानं एसी हातात घेतला. ती रोज यायची. काम काय, तर बघत बसणं. पण बघता बघता पाने-पक्कडी हातात देऊ लागली, आणि चौथ्या दिवशी तर बारा नंबर मागितला की दहा नंबर पुढे करायची आणि म्हणायची, "तुम्हाला हाच लागेल." आणि तोच लागायचा.

"आधीच्या मिस्त्रीनं तीनदा गॅस भरला," ती म्हणाली. "दोन दिवस गार, तिसऱ्या दिवशी भट्टी."

"गळक्या बादलीत पाणी ओतून काय होणार? भोक शोधायला पाहिजे."

त्यानं पाइपांत दाबानं वायू भरला. साबणाचा फेस करून ब्रशनं सांध्यासांध्यावर लावत बसला. फेसाला बुडबुडा येईना. अर्धा तास गेला. तो घामानं निथळत होता.

"जरा थांबता?" ती म्हणाली. "आत्या, मशीन थांबवा ना दोन मिनिटं."

मशीन थांबलं. तिनं डोळे मिटले आणि बॉनेटखाली कान नेला. पेटी न उघडता ती नुसत्या आवाजावरून सांगायची – आत राणी आहे की नाही, माश्या भुकेल्या आहेत की चिडल्यात. लहानपणापासूनचा कान होता तो. तिनं डावीकडे मान वळवली, अजून थोडी खाली...

"इथे," ती कुजबुजली. "बारीक सुस्कारा येतोय."

तोही वाकला. त्याला काही ऐकू आलं नाही. त्याला फक्त एवढंच कळलं, की तिच्या केसांना मधाचा आणि धुराचा वास येतो आणि आपण हात कुठे ठेवावा ते सुचत नाही.

"येतंय ऐकू?"

"हो..." तो म्हणाला. साफ खोटं.

पण तिनं बोट ठेवलं तिथेच, पाइपाच्या मागच्या अंगाला, जिथे ब्रश पोचत नव्हता, तिथे फेस लावताच मोहरीएवढा बुडबुडा फुगला. फुटला. पुन्हा फुगला.

"तुम्ही इथे कामाला या," तो म्हणाला.

"पगार काय द्याल?"

"दोन वेळचा चहा, आणि आत्याची बडबड."

"आत्याची बडबड मिळत असेल तर येईन."

"ऐकलं का रे," दारातून आत्या म्हणाली, "चहा तुझा आणि येणार ती माझ्यासाठी. मशीन चालू करू का अजून कान लावायचेत तुम्हाला?"

दोघंही एकदम सरळ उभे राहिले. त्याचं डोकं बॉनेटला आपटलं.

पाइपाच्या सांध्यातलं रबरी कडं बदललं, नवा गॅस भरला, आणि गाडीत गार वारा खेळायला लागला. पाचव्या दिवशी डबाही जोडून झाला. श्वासाच्या नळीला त्यानं नवं टोक लावलं. मेणाबद्दल एक शब्द नाही. तो बोलत नव्हता, म्हणूनच तिला ते जास्त टोचत होतं. त्याच्या हातून पाना घेताना, चहा घेताना, हसतानासुद्धा.

संध्याकाळी तिचे वडील काठी टेकत गॅरेजात आले. गाडीभोवती एक फेरी मारली. मग मिस्त्रीला म्हणाले, "बिघाड कशानं झाला होता?"

मिस्त्री फडक्यानं हात पुसायला लागला. हात स्वच्छच होते.

"डब्यात तेल राहिलं नव्हतं."

"ते कळलं. का राहिलं नव्हतं?"

मिस्त्रीनं एकदाच तिच्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. त्याला खोटं सांगायचं नव्हतं आणि खरंही सांगायचं नव्हतं. एवढा मोठा माणूस, पण इकडे आड तिकडे विहीर अशी गत झालेली.

तिला ते बघवलं नाही.

"बाबा, मी केलं ते," ती म्हणाली. "नळीतून तेल गळतंय असं वाटलं, म्हणून मी मेणाचं बूच बसवलं. त्यानंच सगळं झालं. आणि यांनी विचारलं तेव्हा मी... माहीत नाही म्हणाले."

मशीन थांबलं. आत्यानं चष्मा कपाळावर सरकवला.

"मला विचारायचं होतंस, माशे," वडील म्हणाले. लहानपणी सारखी गुणगुणायची, म्हणून ते तिला माशी म्हणत.

"विचारलं असतं तर चावी काढून घेतली असती तुम्ही."

"घेतली असती." वडील थोडा वेळ काठीच्या टोकानं फरशी खरवडत राहिले. "तुम्हाला माहीत होतं, मिस्त्री?"

"वास आला होता, मधाचा."

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, त्या स्वतः सांगतील. आणि खरं सांगू का, काका... गळती दिसली म्हणून गाडीखाली झोपून बघणारे मालक मला वर्षात दोन भेटतात. बूच चुकलं. पण बसवलं होतं काय सुरेख! पक्कडीनं निघेना."

वडिलांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात लपवलं. "उद्या पहाटे पेट्या भर," ते लेकीला म्हणाले. "न थांबता वर नेल्यास तर पेट्याही तुझ्या, गाडीही तुझी. अर्ध्यात अडकलीस तर व्यापाऱ्याला निरोप धाडतो."

"मी बरोबर जातो," मिस्त्री म्हणाला. "भरल्या गाडीनं चढ चढल्याशिवाय मी काम पुरं धरत नाही."

"खालच्या पुलाच्या चढावर बघता येतं की ते," आत्या म्हणाली.

"आत्या!"

पहाटे निघाले. मागे वीस पेट्या, दारं जाळीनं बंद, सगळ्यांची मिळून एक दबकी गुणगुण. उरलेल्या वीस दुसऱ्या खेपेला. राण्यांची पेटी मिस्त्रीच्या मांडीवर. त्यानं एसीची झडप पेटीकडे वळवून ठेवली होती आणि दोन्ही हातांनी पेटी अशी धरली होती, जसं कोणी पहिल्यांदाच हातात दिलेलं तान्हं मूल धरावं.

चढाचा पायथा आला. तिनं गाडी थांबवून छोटा दांडा खाली ओढला. दांडा लोण्यात सुरी जावी तसा बसला. गाडी हळू, पण ठाम चढायला लागली. पहिलं वळण. दुसरं. तिसऱ्या वळणावर वाट पावसानं खाल्लेली होती – मागचं चाक मोकळं फिरलं, गाडी तिरकी झाली. मिस्त्रीनं पेटी एका हातात घेतली आणि दुसरा हात दांड्याजवळ नेला, पण लावला नाही. दांडा तिचा होता.

पुढच्या चाकांनी माती धरली. गाडी वर आली.

माथ्यावर पोचले तेव्हा ऊन कोवळं होतं आणि झाडं पांढरी झाली होती. कळ्या एक दिवस आधीच उमलल्या होत्या. तिनं इंजिन बंद केलं. एसीची शेवटची गार झुळूक काचेआड रेंगाळत होती.

"आता एक अडचण झालीय," तो म्हणाला.

"कसली? काही आवाज येतोय का?"

"नाही ना. तीच अडचण. गाडी ठणठणीत आहे. आता तुम्ही गॅरेजला कशाला याल?"

ती समोरच्या झाडांकडे बघत राहिली. गाल तापल्याचं एवढ्या गार हवेतही कळत होतं.

"फुलोरा वीस दिवसांचा आहे," ती म्हणाली. "मी रोज वर येणार. पाने द्यायला इथेही कोणीतरी लागतं."

"आणि वीस दिवसांनंतर?"

"त्यानंतर पेट्या खाली न्यायच्या. मग पुढच्या डोंगरावर. मग परत..." तिचं वाक्य कुठेच संपेना, म्हणून तिनं ते तसंच सोडलं.

त्यानं ते ऐकलं, नीट, शेवटपर्यंत. मग राण्यांची पेटी अलगद दोघांच्या मध्ये ठेवली, आणि ती ठेवताना त्याचा हात तिच्या हातावर राहिला. काढायचा विसरला असेल, असं म्हणण्याइतका कमी वेळ नव्हता तो.

मागच्या पेट्यांतली गुणगुण वाढायला लागली होती. माश्यांना फुलांचा वास लागला होता. तिनं दार उघडलं. खाली मुरूम निसरडा होता.

"जपून उतर," तो म्हणाला.

तिचा एक पाय जमिनीवर, एक गाडीत. तिथेच थांबली ती.

"काय म्हणालात?"

"जपून..." त्याच्या लक्षात आलं आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "म्हणजे, उतरा. उतरा म्हणायचं होतं."

"नाही," ती म्हणाली. "पहिलं होतं तेच बरोबर होतं."

ती गाडीला वळसा घालून आली. त्याच्या बाजूचं दार तिनं बाहेरून उघडलं. मागे शेकडो माश्या जाळीवर नाचत होत्या. त्यानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि सीटला घट्ट चिकटून बसला. आता कुठे तिला कळलं, की हा माणूस माश्यांना घाबरतो, आणि तरीही पूर्ण डोंगर त्यांच्याबरोबर चढून आलाय.

तिनं आपली चेहऱ्याची जाळी काढून त्याच्या डोक्यावर घातली, कडा नीट खाली ओढल्या आणि हात पुढे केला.

"चल," ती म्हणाली. "तूही उतर."