बोनेटवरचं कुंकू

"अहो, तिथे नका लावू कुंकू. खाली भोक आहे!"

दसऱ्याच्या सकाळी पार्किंगमध्ये कुणीतरी मागून म्हणालं, पण रेवाने वळूनही पाहिलं नाही. सकाळपासून तिने इतके 'नको' ऐकले होते की त्यात हा आणखी एक. शेजारच्या किशोरीकाकूंनी तर जिन्यातच गाठलं होतं, "तू राहू दे गं रेवा... एखाद्या सवाष्णीकडून करून घे पूजा." नवऱ्याला जाऊन दोन वर्षं झाली होती. गाडी धुवायची रेवाने, चालवायची रेवाने, आणि पूजा तेवढी दुसऱ्या कुणी?

ती हट्टाने हळदकुंकू कालवून स्वस्तिक काढत राहिली. काचेखालचे ते दोन काळे उंचवटे म्हणजे चार वर्षांच्या कुमुदच्या मते गाडीचे डोळे. "आई, डोळ्यांना पण टिकली!" म्हणून तिथेही घट्ट ठिपके पडले, वर अक्षता.

"त्यातून काचेवर पाणी उडतं हो," मागचा आवाज पुन्हा म्हणाला.

"मग उडेल की!"

तो सत्यजीत, चौथ्या मजल्यावर नुकताच राहायला आलेला. त्याने कुमुदच्या हातात आपट्याचं पान ठेवलं, "सोनं घ्या, बाईसाहेब," आणि गेला.

पुढच्याच आठवड्यात रेवा पनवेलहून द्रोणागिरीला निघाली होती. तिथल्या एका गोदामाच्या ऑफिसात तिची नोकरी, शेजारीच कुमुदचं पाळणाघर. पुढे एक टँकर धूळ बसावी म्हणून रस्त्यावर पाणी मारत चालला होता. बाजूने कंटेनरचा ट्रेलर घुसला आणि फच्च! सगळा चिखल काचेवर.

रेवाने काचेवर पाणी उडवायची दांडी ओढली. घुर्र... नुसताच आवाज. पाणी थेंबभर नाही. घाईने वायपर लावला, तर त्याने काच शेणाने सारवावी तशी सारवून ठेवली. मागून हॉर्न, पुढे अंधार.

"आई, गाडीला दिसत का नाही?"

खिडकीतून मान बाहेर काढून रेवाने कशीबशी गाडी कडेला घेतली. मागच्या सीटवर कुमुद आहे... एवढंच डोक्यात.

डावीकडच्या काचेवर टकटक झाली. हेल्मेटमधून ओळखीचा आवाज, "तुमच्या बाजूचं दार उघडू नका, ट्रेलर येतायत. आधी पार्किंग लाइट लावा."

सत्यजीत! तोही याच रस्त्याने कामावर निघालेला. आता हा 'मी म्हटलं होतं' म्हणणार... रेवाने मनाची तयारी केली. पण तो तसलं काही बोललाच नाही.

"दांडी ओढा बरं. ...आवाज येतोय, म्हणजे मोटर ठीक आहे. पाणी भरलंय?"

"परवाच भरलं."

त्याने बोनेट उघडलं. टाकी भरलेली, पाइपही जागेवर. बोनेट लावून तो त्या दोन उंचवट्यांवर वाकला... आणि त्याचे खांदे हलू लागले.

"हसताय तुम्ही!"

"छे, छे! पिन आहे का एखादी?"

कुमुदच्या फ्रॉकला रुमाल लावला होता, त्याची सेफ्टी पिन निघाली. सत्यजीतने दोन्ही भोकं टोकरली. सुकलेलं कुंकू निघालं, तांदळाची कणी निघाली.

"ओढा आता!"

रेवाने ओढली. तो अजून वाकलेलाच होता. लाल पाण्याची चिळकांडी थेट त्याच्या नाकावर.

"काकांची रंगपंचमी!" कुमुद टाळ्या पिटायला लागली.

"सॉरी... सॉरी हो..." म्हणता म्हणता रेवाला हसू आवरेना. किती दिवसांनी हसत होती ती अशी, पोट धरून! "पण तुम्हाला नेमकं कसं कळलं?"

"गेल्या वर्षी दसऱ्याला आमच्या आईने हेच केलं होतं. मी दोन गॅरेज हिंडलो."

"मी तेव्हाच ऐकायला हवं होतं."

तोंड पुसत तो म्हणाला, "ऐकलं असतंत, तर आज मी इथे कशाला थांबलो असतो?"

रेवाने उगाचच आरसा नीट केला.

ऑफिसात टेबलाशी बसते तोच मोबाइलवर सत्यजीतचा मेसेज आला. सोसायटीच्या ग्रुपवरून त्याने नंबर शोधला होता. "पोचलात का?"

दोन वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. तिने लिहिलं, "तुम्ही थांबलात, म्हणून पोचले."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही. पावसाळ्यापर्यंत 'पोचलात का'चं कधी 'पोचलीस का' झालं, दोघांनाही सांगता येणार नाही.

पुन्हा दसरा आला. या वेळी रेवाने स्वस्तिक काढलं आणि ते दोन उंचवटे कोरडे सोडले. कुंकवाची वाटी सत्यजीतच्या हातात होती. जिन्यातून किशोरीकाकू बघत होत्या. रेवाने बोट वाटीत बुडवलं, क्षणभर थांबली... आणि ते स्वतःच्या कपाळाशी नेलं.

"इथे लावलं तर चालेल ना? काही बुजणार नाही ना?"

सत्यजीतने गाडीचा बाजूचा आरसा तिच्याकडे वळवला. "उलट..." तो हळूच म्हणाला, "केव्हाचं अडकलेलं मोकळं होईल."

तिने टिकली रेखली. तिची तिने, ठसठशीत.

तुमच्याही बिल्डिंगमध्ये असेल बघा एखादी, लेकराला मागे बसवून एकटीच गाडी काढणारी. आज तिला विचारा, काचेवर पाणी येतं ना गं? आणि थोड्या वेळाने एवढंच... पोचलीस का?