हिरूआत्याचं आवतण

लेकीच्या, प्राप्तीच्या, हळदीला तीन दिवस राहिले होते, आणि कमळ भर दुपारी हातात विळीवरची अर्धी चिरलेली कैरी धरून संगणकाशी भांडत होती.

"चार दिस झाले. चार दिसात मेलं मुंबैला चालत जाऊन येतंय माणूस."

संगणक म्हणजे प्राप्तीच्या कॉलेजसाठी घेतलेली काळी पेटी. ओटीवरच्या खिडकीपाशी टेबलावर बसायची. चार दिवसांपूर्वी तिनं स्वतःहून अपडेट करून घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी बघावं तर पडदा वेगळा, अक्षरं वेगळी, आणि धवला यायचा थांबलेला.

आगरी लग्नात भटजीच्या आधी धवलारीण लागते. ती धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाते तेव्हा हळद लागते, मुहूर्त लागतो, सगळं लागतं. कमळच्या गावची धवलारीण म्हणजे हिरूआत्या, कमळच्या नवऱ्याची, काळूरामची, सख्खी आत्या. जाऊन तिला सहा वर्षं झाली. तिच्यामागं गावात कुणी शिकलं नाही. शिकायचं होतं खरं तर कमळनंच. आत्या शेवटच्या दुखण्यात तिचा हात धरून म्हणाली होती, "गो, माझ्या मागारी तू उचल." कमळनं तोंडावर सांगितलं, "माझा गळा फाटका. मला जमायचं न्हाय." जे नाही ते नाही म्हणायची तिची खोड. पण आत्याचा चेहरा असा पडला की कमळ घाईनं पुढं बोलून गेली, "प्राप्तीच्या हळदीला तुझाच धवला लावीन. दुसऱ्या कुणाचा न्हाय."

बोलून गेली, म्हणजे आता बांधली गेली. पेणहून धवलारीण आणू या असं काळूराम दोनदा म्हणाला, दोनदा त्यानं शिव्या खाल्ल्या.

आत्याचे धवले तिच्या लेकानं, चांगदेवनं, ती जिती असताना रेकॉर्ड केले होते. उरण-पनवेलच्या लोकांनाही मिळावेत म्हणून त्यानं ते टोरेंटवर टाकले. तो चांगदेवही दोन वर्षांपूर्वी गेला. त्याची बायको रुचिता आत्ता संगणकापुढं बसली होती. ती दस्तऐवज टाइप करायच्या दुकानात काम करायची, तिला यातलं कळायचं.

"वैनी, आधी नीट ऐका," रुचिता म्हणाली. "ह्यात गाणी एका जागी नसतात. ज्याच्याकडं हायत तो आपल्या घरातून तुकडा तुकडा सोडतो. अपडेटच्या आधी बाकीचे सगळे धवले आले. एकच राहिलाय."

"कुठला?"

"आवतणाचा."

कमळनं कैरी खाली ठेवली. राहायचा तोच राहिला होता. आवतणाचा धवला म्हणजे घरातल्या गेलेल्या माणसांना नावानं हाक मारून मांडवात बोलवायचं. तो झाल्याशिवाय हळदीला हात लावत नाहीत. धवलारीण एकेक नाव घेत जाते. ती आपणहून थांबत नाही, तिला थांबता येत नाही. दुसऱ्या बाईनं शेवटची ओळ उचलली की मगच तिचं तोंड मिटतं: 'आले ते बसा गो पाटावरी, राहिले ते राखा घर.' मेले ते पाटावर, जिते ते घर राखायला. मध्ये ही ओळ पाहिजेच. आत्याच्या वेळी ती बारकीम्हातारी उचलायची. कमळ प्रत्येक लग्नात शेजारी बसून ओठ घट्ट मिटून घ्यायची.

रुचितानं राउटर बंद करून चालू केला. मोबाइलवर व्हिडिओ लावून बघितला, तो धडाधड चालला. म्हणजे नेट ठीक होतं. टोरेंटचा वेग मात्र शून्य. मध्येच एक, दोन, पुन्हा शून्य.

"हे बघा, सापडलं." तिनं पडद्यावर बोट ठेवलं. "अपडेटनं आपल्या घरचं नेट परकं ठरवलंय. एसटी स्टँडवरचं असतं ना, तसं. म्हणून आतून कडी घातलीय. बाहेरून कुणी आत येऊच शकत न्हाय."

"माझ्या घराला परकं म्हणतो? मेल्याच्या..."

"थांबा वो. मी त्याला सांगते, हे घरचंच हाय. कडी काढ."

ती एकेक खूण बदलत होती आणि कमळला राहवत नव्हतं. देवळीत आवतणाचं ताट तयार होतं, सुपारी आणि हळदीचे तांदूळ. धवलारीण कितीही घरची असली तरी सुपारी दिल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही, ही रीत. कमळनं ताटातली एक सुपारी उचलली, चिमूटभर तांदूळ घेतले आणि पेटीच्या डोक्यावर ठेवले.

"घे. आवतण देते तुला, हिरूआत्या. आता तरी ये."

रुचिता खुदकन हसली. "आता हिला पाट पण मांडा."

त्याच वेळी तिनं शेवटचं बटण दाबलं. कडी निघाली.

आकडा हलला. सोळा. सोळाच. वर गेला नाही, खाली आला नाही.

"आलं!" कमळ म्हणाली.

रुचिता मात्र पडद्याजवळ वाकली. मग हळू म्हणाली, "देणारा एकच हाय. आणि त्याचं सॉफ्टवेअर... हे इतकं जुनं आता कुणीच वापरत न्हाय. आमच्याकडं होतं. हे बदलूच द्यायचे न्हाईत."

"मग तुमचीच पेटी असेल."

"आमची पेटी वादळात समुद्राचं पाणी खाऊन मेली, वैनी. पडवीत पडलीय. तिच्यावर कोंबडी उबवायला बसलीय आत्ता."

कारखान्याचा भोंगा झाला. झावळ्या हलायच्या थांबल्या होत्या. अंगणातला कुत्रा उठून, ओटीकडं न बघता, बांधापलीकडं निघून गेला.

रुचितानं पेनानं कागदावर काहीतरी मांडलं. "तुकडे उलटसुलट येतात नेहमी. शेपूट आधी, डोकं मागाहून. हे सरळ ओळीनं येतंय. आणि ह्या वेगानं, एक मिनिटाचं गाणं यायला बरोब्बर एक मिनिट लागतंय." तिनं पेन ठेवलं. "म्हणजे वेग कमी न्हाय, वैनी. कुणी गातंय तेवढ्याच वेगानं येतंय."

आकडा एकदम शून्यावर गेला. दोघी बघत राहिल्या. घोटभर पाणी प्यायला लागतो तेवढा वेळ गेला. पुन्हा सोळा.

"लाव," कमळ म्हणाली.

"अर्धवट हाय..."

"लाव म्हणते ना."

आवाज आला तो आत्याचाच. थोडा चिरका, नाकातून निघणारा, ओळीच्या शेवटी खाली बसणारा. आणि ओटीवर वास आला. मिश्रीचा, जळक्या तंबाखूचा. कमळच्या घरात मिश्री कुणी लावत नव्हतं.

'उठा गो उठा, मांडवी या. रामचंद्र सासरा, मांडवी या...'

कमळच्या डोळ्यांत पाणी आलं. भीती नव्हती त्यात. सहा वर्षांनी आपल्या माणसाचा आवाज कानावर पडला की कुणाचंही होईल तसं झालं. सासऱ्याचं नाव झालं, सासूचं झालं, बाळंतपणात गेलेल्या नणंदेचं झालं. आत्यानं घसा खाकरला, तीनदा, तिची सवय होती तशी.

'हिरू धवलारीण, मांडवी या...'

रुचितानं कमळचं मनगट धरलं.

रेकॉर्ड केलं तेव्हा आत्या जिती होती. जितं माणूस ह्या धवल्यात स्वतःचं नाव घेत नाही. आगऱ्याचं शेंबडं पोर पण घेणार नाही.

'चांगदेव माझा गो, मांडवी या...'

ह्या ओळीला आवाज फाटला. रुचिताचे ओठ हलले, नवऱ्याला हाक मारावी तसे. तिनं हात पुढं करून पडद्याला लावला आणि तसाच ठेवला.

"अकरा मिनिटांचा होता हा," ती कुजबुजली. "अकरा कधीच झाली."

टक्के नव्व्याण्णववर उभे होते. सोळाचा आकडा चालूच होता. धवलाही चालूच होता. चांगदेवच्या मागं ह्या घरात कुणी गेलं नव्हतं. यादी संपली होती. पुढं नाव घ्यायचं तर ते जित्या माणसाचंच.

आत्यानं श्वास घेतला. पुढचं नाव घ्यायला घेतात तसा.

"वायर काढू?" रुचिता म्हणाली. "वैनी... काढू?"

"न्हाय." कमळला त्या क्षणी सगळं लख्ख कळलं. अर्धं आवतण तोडलं तर बोलावलेले उंबऱ्यावरच उभे राहतात. आणि आत्या कुणाचं वाईट करायला आली नव्हती. तिला थांबताच येत नव्हतं. कुणी ओळ उचलत नव्हतं ना! सहा वर्षं थांबली असेल बिचारी, कुणीतरी उचलेल म्हणून. उचलायची होती ती ओठ मिटून बसलेली.

पेटीतून पुढचं नाव निघालं. "क..."

कमळ ओरडल्यासारखी गायली. फाटक्या गळ्यानं, सूर नाही, ताल नाही, हातात कैरीचा चीक.

'आले ते बसा गो पाटावरी! राहिले ते राखा घर!'

बाहेर रस्त्यावरून म्हावरेवालीनं हाळी दिली, "बोंबील घ्या गो, बोंबील..."

पेटी गप्प झाली. आकडा शून्य. त्याखाली अक्षरं आली: पूर्ण.

हळद चांगली झाली. नवऱ्या मुलाकडची, निकेतकडची, माणसं म्हणाली, धवलारीण कुठली आणलीत? कारण आवतणाचा धवला कमळनं पेटीवर लावला नाही, स्वतः उभी राहून गायला. नावं घेतली चांगदेवपर्यंत, शेवटची ओळ रुचिताकडून उचलून घेतली. विधवा बाई मांडवात पुढं कशी, असं कुणीतरी पुटपुटलं. कमळनं नुसतं बघितलं, तो माणूस जेवायला निघून गेला.

आता तिला आजूबाजूच्या गावांतून सुपाऱ्या येतात. जाते ती. गळा अजून फाटकाच आहे, लोक चालवून घेतात.

ती फाइल मात्र तिनं पुसू दिली नाही. रुचिता म्हणते टाका काढून. काळूराम म्हणतो, आत्याचं गाणं आहे, असू दे. त्यानं शेवटपर्यंत कधी ऐकलेलं नाही.

शेवटी काय आहे ते दोघीच जाणतात. बाहेरून आलेल्या त्या फाइलमध्ये शेवटची ओळ कमळच्या आवाजात आहे. मागं बोंबीलवालीची हाळीसुद्धा आहे. त्या दिवशी ओटीवर रेकॉर्ड करणारं काही नव्हतं, रुचितानं दहादा तपासलं.

आणि त्या ओळीच्या आधी ते अर्धं नाव आहे.

दुपारी घर रिकामं झालं की कमळ पेटीला कान लावून तेवढंच ऐकते. चौथीपर्यंत शिकलेली बाई, तिला जास्त कळत नाही. पण क आणि का यातला फरक कळतो. नुसता क असला तर कमळ. काना असला तर काळूराम, रोज ट्रेलर घेऊन घाट चढणारा.

कधी काना ऐकू येतो. कधी येत नाही.