न बघितलेल्या सायकलचे टायर

“बोला, काय दाखवू?”

हे वाक्य तिच्या तोंडून निघून गेलं आणि आता ते परत कसं घ्यायचं, हे तिचं तिलाच कळेना. दुकान तिचं नव्हतं. ती स्वतःच गिऱ्हाईक म्हणून आली होती, डोंगरातल्या पायवाटांवर चालतील असे टायर घ्यायला. पण चष्म्याच्या दुकानात डोळे तपासण्यात बरीच वर्षं गेलेली. कोणी दारातून आत आलं आणि काउंटर रिकामा असला की तिची जीभ आपसूक चालू पडायची. सायकलवाले काका मागच्या गोदामात काहीतरी शोधत होते. आत आलेला माणूस उंच होता, केसांतून पावसाचं पाणी निथळत होतं, आणि तिच्याकडे तो इतक्या भरवशाने बघत होता की…

“टायर हवेत,” तो म्हणाला. “डोंगरात चालवायला. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.”

तिला तरी कुठे कळत होतं? फोनवर वाचून वाचून जेवढं डोक्यात राहिलं, तेवढंच भांडवल. ‘अहो, मी इथली नाही,’ एवढं तेव्हाच म्हणाली असती तर विषय तिथेच मिटला असता. पण तो हसला, एका गालाने जरा जास्तच, आणि बाईसाहेब कामातून गेल्या.

मग तिने रोजच्या सवयीने प्रश्न विचारायला घेतले. वाट दगडाची की मातीची? कोरडी असते की निसरडी? चढ जास्त की उतार? तो शहाण्या पेशंटसारखी उत्तरं देत गेला. बोलता बोलता कळलं, तो इमारतींतल्या लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर वर जायचं नाहीतर खाली यायचं, पुढे म्हणून कुठे जाणंच नाही, म्हणून सायकल घेतली. तिला ते एकदम पटलं. तिचाही दिवस अंधाऱ्या खोलीत, समोरच्या भिंतीवरच्या त्याच त्या अक्षरांकडे बघण्यात जायचा. पण हे बोलून दाखवायची सोय नव्हती.

तिने भिंतीवरचा एक रुंद टायर उतरवला. मऊ रबर, उठावदार नक्षी. पुढच्या चाकाला असा लागतो, ती म्हणाली, वळताना सगळी पकड त्याचीच. मागे जरा अरुंद आणि बारीक नक्षीचा चालतो, म्हणजे चढावर दमछाक होत नाही. इथवर सगळं बरोबर होतं. घोटाळा पुढे झाला.

“मागेही रुंदच घेतला तर?”

यावर काही वाचल्याचं तिला आठवेना. “घ्या की. पकड जास्त असलेली बरीच.”

“कशावर?” त्याने विचारलं.

“रस्त्यावर,” ती म्हणाली आणि घाईघाईने दुसराही टायर उतरवायला वळली. कान गरम झाले होते.

तेवढ्यात काका बाहेर आले. आपल्याच दुकानात आपलाच माल दुसरं कोणी विकतंय, हे बघून एखादा भडकला असता. काकांनी मात्र मिशीतल्या मिशीत हसून बिल फाडलं. “मॅडमनी सांगितलंय ना? मग डोळे झाकून घ्या.” वर आणखी पुस्ती जोडली, “मॅडम दर शनिवारी संध्याकाळी असतात.”

झालं. तिला टायर न घेताच घरी जावं लागलं, आणि पुढच्या शनिवारी परक्याच्या दुकानात हजेरी लावावी लागली. तो आला. त्याच्या पुढच्याही शनिवारी आला. टायरमध्ये हवा किती भरायची? ओल्या मातीत कमी करायची का? नक्षीत चिखल बसला तर? ती आठवडाभर वाचून ठेवायची आणि शनिवारी जन्मभर डोंगरातच राहिल्याच्या थाटात सांगायची. काकांचा चहा तिघांत व्हायचा. मग काका चहा सोडून गोदामात जायला लागले.

घरी मोठ्या बहिणीच्या नजरेतून काही सुटायचं नाही. लिफ्टवाल्याची गोष्ट तिने आधीच काढून घेतली होती. “टायर आणायला चार वेळा गेलीस आणि हात हलवत आलीस. त्या दुकानात टायर मिळतात की नवरा?”

“ताई, गप.”

“लिफ्टवाल्याला खरं सांगून टाक. उद्या तुझ्या ज्ञानापायी तो कुठेतरी आपटला म्हणजे?”

ती हसली खरी, पण बोलणं मनात रुतून बसलं. तो सायकलवर चला म्हणायचा तेव्हा ती दर वेळी काहीतरी कारण पुढे करायची. सांगायचं तिलाही होतं. पण सांगितलं की शनिवार संपणार, ही भीती होती. तो तिला आवडायला लागला होता, आणि त्याला जी आवडत होती ती बाई मुळात अस्तित्वातच नव्हती.

मग एका शनिवारी निघताना तो सहज म्हणाला, “उद्या सकाळी टेकडीच्या मागचा मोठा उतार उतरणार आहे. आमच्या ग्रुपमधले म्हणतात, नवख्याने जाऊ नये. पण तुम्ही निवडलेले टायर आहेत म्हटल्यावर…”

घरी येऊन तिने पहाटेचा गजर लावला.

सकाळी ती आपली शहरी, गुळगुळीत टायरांची सायकल घेऊन निघाली. चढावर ओल्या मातीत मागचं चाक जागच्या जागी फिरायला लागलं तेव्हा उतरून ढकलत निघाली. वर पोचेपर्यंत गुडघ्यापर्यंत चिखल झाला होता. बाकीचे उतरून गेले होते. उताराच्या तोंडाशी तो एकटाच उभा होता, हेल्मेटचा पट्टा लावत.

“थांबा,” ती धापा टाकत म्हणाली. “मी त्या दुकानात काम करत नाही. मी डोळे तपासते. डोंगरात आज पहिल्यांदा आलेय, आणि तीसुद्धा ढकलत. त्या दिवशी तुम्हाला जे सांगितलं ते वाचलेलं होतं… काही तर वाचलेलंही नव्हतं.”

त्याने आधी तिच्या टायरांकडे बघितलं, मग तिच्या चिखलाकडे. तिला वाटलं, संपलं सगळं. मग त्याने आपली सायकल मागून उचलली आणि चाक फिरवलं. खर्र… खर्र… रुंद टायर एका बाजूने फ्रेमला घासत होता. रबर तेवढं सोलवटून निघालं होतं.

ती खाली बसून बघतच राहिली. डोळे तपासल्याशिवाय ती कुणाच्या हातात चष्मा देत नसे, मग तो कितीही घाईत असो. आणि या माणसाच्या हातात तिने सायकल न बघताच टायर दिले होते. तुमच्या फ्रेममध्ये जागा किती आहे, एवढा साधा प्रश्नही विचारला नव्हता.

“कधीपासून घासतंय हे?”

“पहिल्या दिवसापासून.”

“मग बदलून का नाही घेतलात?”

तो चाक हाताने थांबवून उभा राहिला. “तक्रार घेऊनच आलो होतो पुढच्याच शनिवारी. तुम्ही चहाचा कप पुढे केलात आणि… हवेचं काहीतरी विचारून बसलो. बदलून घेतले असते तर तुम्ही चुकलात असं म्हणावं लागलं असतं. ते काही जमेना.” मग एक दम घेऊन म्हणाला, “टायर मला अजिबात आवडले नाहीत. तुम्ही आवडलात.”

एवढे दिवस दुकानात बडबड केली, पण इथे दोनच शब्द निघाले. “मला पण,” ती म्हणाली. “म्हणजे… तुम्ही.”

मोठा उतार त्या दिवशी कोणीच उतरलं नाही. बाजूने एक सोपी वाट खाली जात होती, पण तीही ओलीच. तो सीटवर बसला, दोन्ही ब्रेकवर बोटं ठेवली आणि पाय जमिनीवरून उचलला.

“पुढचा ब्रेक एकदम दाबू नकोस,” ती म्हणाली.

त्याने पाय पुन्हा खाली टेकवला आणि वळून बघितलं. “नकोस?”

तिने आपली सायकल त्याच्या मागे आणून उभी केली. मग म्हणाली, “हो, नकोस. आणि हळू चल. मी मागे आहे.”