चौथी ओळ

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचली असती, तर शेवट जरा बरा केला असता.

ज्यांच्या बाबतीत हे घडलं त्या उल्काताई हिर्लेकर इंग्लंडमध्ये लीड्सला हॉस्पिटलमध्ये फार्मसिस्ट आहेत. मी त्याच इमारतीत दोन मजले वर, आयटीमध्ये. नागपूरहून नवी नवी आले तेव्हा कॅन्टीनमध्ये मराठी बोलणारं एवढं एकच माणूस होतं. त्या तीन वर्षांच्या असताना इकडे आल्या, त्यामुळे 'तो चिठ्ठी' आणि 'ती कागद' त्यांच्या तोंडी बिनदिक्कत चालायचं. मी हसायचे. त्याही हसायच्या.

या प्रसंगानंतर मी त्यांना हसताना पाहिलेलं नाही.

तारीख सांगते. शनिवार, १० नोव्हेंबर २००७. दिवाळीचा पाडवा. जागा केंब्रिज, मिल रोडच्या मागच्या गल्लीतलं त्यांच्या आईवडिलांचं घर. वेळ दुपारी अडीच ते पाच. असलं काही घडायला अमावस्या आणि रात्रीचे बारा लागतात अशी माझीही समजूत होती. बाहेर रस्त्यावर माणसं शॉपिंगच्या पिशव्या घेऊन चालली होती, तेव्हा हे झालं.

उल्काताईंचे बाबा, डॉ. शशिधर हिर्लेकर, जुन्या मराठी हस्तलिखितांचे अभ्यासक. अख्खं आयुष्य पोथ्यांत गेलं. आदल्या वर्षी ते वारले आणि आई, सुप्रभाताई, लीड्सला लेकीकडे राहायला आल्या. केंब्रिजचं घर विकलं होतं. स्वयंपाकघरातलं टेबल आणि खुर्च्या सोडून सामान गेलं होतं. घर तापवणारा बॉयलरही बंद करून टाकला होता.

राहिली होती ती बाबांच्या खोक्यातली पत्रं.

बाबांचे जिवलग मित्र म्हणजे साताऱ्याचे कथाकार कमलाकरकाका. दोघांनी वीस वर्षं एकमेकांना पत्रं लिहिली. एका लायब्ररीला ती हवी होती, पण दोन्ही बाजूंची. काकाही कधीच वारले होते. त्यांच्या मुलाने, संजयने, केंब्रिजहून गेलेली सगळी पत्रं जपून ठेवली होती, ती पार्सलने पाठवून दिली. सोमवारी लायब्ररीची बाई न्यायला येणार. त्याआधी उल्काताईंनी एवढंच करायचं होतं, की प्रत्येक पत्रामागे त्याचं उत्तर लावायचं.

काम दोन तासांचं. पण त्या पार्सलला हात लावायला त्यांना तीन महिने धीर झाला नव्हता.

कारण सुनेत्रा.

सुनेत्रा म्हणजे त्यांची धाकटी बहीण. जानेवारी १९७४ मध्ये मेंदूज्वराने तीन दिवसांत गेली. आठ वर्षांची होती.

हिर्लेकरांच्या घरात एक रीत होती. महिन्यातून एका रविवारी संध्याकाळी साताऱ्याला पत्र लिहायचं. निळं एअरोग्राम, घडी घालून चिकटवायचं. वर बाबांचा मजकूर, खाली आईची ओळ, मग उल्काची, आणि सगळ्यात शेवटी सुनेत्राची. चौघांच्या ओळी झाल्याशिवाय पत्र चिकटवायचं नाही. आणि दुसऱ्याची ओळ वाचायची नाही. काका एकदा तीन महिने केंब्रिजला राहून गेले होते, तेव्हापासून धाकटीवर त्यांचा भारी जीव. उत्तरात आधी सुनेत्राच्या ओळीचा समाचार, मग विद्वान मित्राचा नंबर.

सुनेत्रा गेली त्याच आठवड्यात काकूंचं पत्र आलं. काकांना हार्ट अटॅक येऊन गेला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, कसलाही धक्का नको.

पत्रात तीनच ओळी गेल्या असत्या, तर काकांना एका नजरेत सगळं कळलं असतं.

बाबांनी दहा वर्षांच्या उल्काला जवळ बोलावलं.

"सुनूची ओळ तू लिही. तिच्यासारखी. काका बरे होईपर्यंत."

उल्काने लिहिलं, 'काका, इथे बर्फ पडला. मी मजेत आहे.' आणि त्या रात्री शेजारच्या रिकाम्या पलंगाकडे तोंड करून सुनूची माफी मागितली. मग तो रोजचाच परिपाठ झाला. निजण्याआधी ती सुनूशी बोलायची. शाळेतलं सगळं सांगायची.

हे चौदा महिने चाललं.

मग एका रविवारी तिच्याच्याने होईना. तिने पेन भिरकावलं. "She's dead, बाबा! मी नाही लिहिणार!"

बाबांनी पेन उचललं. पत्र तसंच टेबलावर ठेवून उठले. त्या दिवसापासून उल्का फक्त स्वतःची ओळ लिहायची, आणि रिकाम्या पलंगाशी बोलणंही तिने सोडलं. तो विषय घरात पुन्हा निघाला नाही. बाबांनी काकांना खरं काय ते कळवलं असणार, असं तिने धरून टाकलं. बापलेकीत त्या दिवशी जे अंतर पडलं ते शेवटपर्यंत मिटलं नाही.

त्या पार्सलमधून उल्काताईंना एकच गोष्ट हवी होती. सुनूचं अक्षर. बाबांनी तिच्या वह्यासुद्धा घरात ठेवल्या नव्हत्या. तिच्या हातची एखादी ओळ कुठे उरली असलीच, तर ती याच कागदांत.

त्यांनी कोट घालूनच स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बैठक मारली. घर गारठलेलं होतं.

१९७३ ची पत्रं निघाली.

आणि ते अक्षर दिसलं.

सुनू लिहायची ती आधी सगळी अक्षरं बिनरेघेची. मग शेवटी एकाच दमात ओळीवरून रेघ ओढायची. ती रेघ शेवटच्या अक्षरापाशी थांबायचीच नाही, कागदाच्या कडेपर्यंत जायची. उल्काताई त्या रेघेवरून बोट फिरवत किती तरी वेळ रडल्या. मला सांगतानाही रडल्या.

पुढे १९७४. ही त्यांनी स्वतः लिहिलेली. नक्कल चांगली होती, पण रेघ शब्दाशब्दाला तुटलेली. दहा वर्षांच्या पोरीने घाबरत घाबरत ओढलेली.

मग मार्च १९७५. पेन भिरकावलं तो रविवार.

त्यांनी घडी उघडली...

खाली चौथी ओळ होती.

त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. एकच रेघ... कागदाच्या कडेपर्यंत गेलेली.

'काका, आता मीच लिहिते आहे. इतके दिवस ताई लिहीत होती.'

त्यांचा पहिला विचार बाबांचा. मग आईचा. कुणीतरी ढोंग पुढे चालवलं. मनातून त्या संतापल्याच. त्यांनी पुढचं पत्र उघडलं.

चौथी ओळ होती.

त्याच्या पुढच्यातही होती.

'काका, ताई हल्ली माझ्याशी बोलत नाही.'

उल्काताईंच्या हातातून कागद गळून पडला. कारण त्या पलंगाशी बोलायच्या, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. आईला नाही. बाबांना नाही. आजवर कुणालाच नाही.

त्यांनी बाबांच्या खोक्यातून काकांचं त्या महिन्यातलं उत्तर शोधून काढलं. ते असं होतं: 'चि. सुनेत्रास अनेक आशीर्वाद. अगं, ताया अशाच असतात, राग धरू नकोस. उल्के, धाकटीशी बोलत जा बाळा. तिच्या मनाला लागतं.'

हे पत्र त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. त्यांच्या नावाने आलेला निरोप, बत्तीस वर्षं खोक्यात पडून राहिलेला.

त्यांनी लीड्सला फोन लावला.

"आई, सुनूची ओळ कोण लिहायचं? मी थांबल्यानंतर?"

पलीकडे टीव्ही बंद झाला.

"असं काय विचारतेस? तूच लिहायचीस ना?"

"मी नाही. मी पेन फेकला होता. आठवतंय ना?"

"हो गं. पण सकाळी टेबलावर ओळ लिहिलेली असायची. हे म्हणायचे, पोर तोंडाने नाही म्हणते, पण आपण निजलो की उठून लिहिते. तिला काही विचारू नकोस. कमलाकरभावजी लिहायचे, बहिणीशी बोल म्हणून. ह्यांना वाटायचं, तू तुझंच दुःख तिच्या नावाने लिहितेस. म्हणून ती पत्रं तुला दाखवायची नाहीत असं ठरवलं."

उल्काताईंना एकदम आठवलं. रविवारी पत्र लिहिलं की सोमवारी सकाळी, शाळेला निघताना, बाबा त्यांच्या डोक्यावरून हात फिरवायचे. त्या मान झटकून निघून जायच्या.

"आई, तू लिहिलंस का? खरं सांग. मी रागावणार नाही."

"माझ्या लेकीच्या नावाने मी लिहीन? हात चालला असता का गं माझा?" सुप्रभाताई रडायला लागल्या. "मग कोण लिहायचं, उल्का?"

उल्काताईंनी 'आल्यावर बोलू' म्हणून फोन ठेवला.

चार वाजून गेले होते. बाहेर अंधारून आलं. त्यांनी दिवा लावला आणि उरलेली पत्रं वाचायला घेतली. एक, दोन, दहा, पन्नास. बाबा वर लिहीत होते की धाकटी आता हायस्कूलला गेली, धाकटी उंच झाली. खाली अक्षर मात्र आठ वर्षांच्या मुलीचंच.

'काका, ताईला नवीन चष्मा लागला. तिला छान दिसतो.'

'काका, ताई आज रडली. मी जवळच बसले होते.'

'काका, ताईला सांगा ना, मी इथेच आहे.'

सहा वर्षं. प्रत्येक पत्रात ताई. स्वतःबद्दल जवळजवळ काहीच नाही.

शेवटची चौथी ओळ सप्टेंबर १९८१ मधली. उल्काताई शिकायला लीड्सला निघाल्या, त्याच्या आदल्या रविवारची.

'काका, ताई उद्या लांब चालली. मी पण तिच्याबरोबर जाते. आता पत्र लिहायला मिळणार नाही.'

त्यानंतरच्या पत्रांत दोनच ओळी. बाबांची आणि आईची. उल्का गेली, लिहिणारा हात गेला, एवढीच बाबांची समजूत. काकांना त्यांनी कळवून टाकलं की दोघी बहिणी लीड्सला शिकतात. काका वारले ते सुनेत्राला आशीर्वाद लिहीतच.

उल्काताई तो कागद हातात धरून बसल्या. आणि मग...

टक.

टक... टक.

समोरच्या बाजूने. टेबलाखालून.

हीटिंगचा पाइप वाजतोय, असं त्यांच्या मनात आलं. लीड्सच्या फ्लॅटमध्येही असाच वाजतो. किचनमध्ये त्या जेवायला बसल्या की हमखास. गेल्या काही वर्षांत तीनदा हीटिंगवाल्याला बोलावलं, तीनदा त्याने पाइपमध्ये काहीच दोष नाही म्हणून सांगितलं.

पण इथला बॉयलर तर बंद होता.

आणि त्यांना कळलं, हा आवाज कसला ते. सुनूचे पाय खुर्चीवरून जमिनीला टेकायचे नाहीत. लिहिताना ती पाय हलवत बसायची. टाच खुर्चीच्या पायावर आपटायची.

टक... टक.

समोरची खुर्ची रिकामी होती. त्या भ्यायल्या नाहीत, असं त्या शपथेवर सांगतात. बत्तीस वर्षं आपण एका पोरीला ताटकळत ठेवलं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

"सुनू," त्या म्हणाल्या.

आवाज थांबला.

"सुनू, सॉरी गं. मला वाटलं, तू नाहीयेस. मी बोलायला पाहिजे होतं. मी रोज बोलायला पाहिजे होतं."



त्या बोलत राहिल्या. बाबांचं सांगितलं, आईचं सांगितलं. तुझी प्रत्येक ओळ वाचली, म्हणाल्या. चल, घरी जाऊ, म्हणाल्या. पाच वाजेपर्यंत एकट्याच बोलत होत्या. मग १९७५ ते १९८१ ची पत्रं पर्समध्ये घातली आणि स्टेशन गाठलं. ट्रेनमध्ये त्यांनी शेजारची सीट कुणाला घेऊ दिली नाही.

घरी पोचल्यावर सुप्रभाताईंनी दार उघडलं. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. मग किचनमध्ये जेवायला बसल्या. उल्काताईंनी तिसरं ताट मांडलं आणि त्या घास न घेता कान देऊन बसल्या.

पाइप वाजला नाही.

दुसऱ्या दिवशी नाही. त्या आठवड्यात नाही.

"काय झालंय गं या घराला?" सुप्रभाताई म्हणाल्या. "इतकं रिकामं कधी वाटलं नव्हतं."

सोमवारी बाकीची पत्रं लायब्ररीत गेली. मधली सहा वर्षं गहाळ आहेत, असं उल्काताईंनी सांगितलं. ती त्यांच्या उशाशी आहेत. मला दाखवली आहेत. ती कडेपर्यंत गेलेली रेघ मी स्वतः पाहिली आहे आणि त्यावर मला काहीही म्हणायचं नाही. मी आयटीतली बाई, दोन अधिक दोन चारवर माझा विश्वास.

याला आता दोन वर्षं होतील. मी अधूनमधून त्यांच्याकडे जेवायला जाते. त्या रोज बोलतात. वाढताना, भांडी घासताना, निजताना. रिकाम्या खुर्चीशी मराठीत बोलतात, आणि आता एकदाही चुकत नाहीत.

गेल्या रविवारी मी निघताना त्यांनी दारात माझा हात धरला.

"श्रद्धा, मी गप्प होते तेव्हा ती होती. मी बोलले आणि ती गेली. मी बोलायला नको होतं का गं?"

त्यांना वाटत होतं, मी 'नाही हो ताई, तिला मुक्ती मिळाली' वगैरे म्हणेन. तेच म्हणायला हवं होतं. पण मला ते जमलं नाही, कारण मलाही उत्तर 'हो' असंच वाटत होतं. मी त्यांचा हात सोडवून घेतला आणि बस पकडली. तेव्हापासून मला धड झोप नाही.