मामाच्या मांडीवर

२०४७ साली माझ्या धाकट्या भावाचं, ओजसचं बारसं झालं. मी दहा वर्षांची होते. देवरूखच्या आमच्या घरी सोनार कान टोचायला आला होता. रीतीप्रमाणे बाळाला अच्युतमामाच्या मांडीवर द्यायचं होतं, पण मामाने हात मागे घेतले.

मामाला हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आजार) होता. लहानपणी त्याचे कान टोचले तेव्हा रक्त थांबता थांबेना. बाळाची आधी तपासणी करा, एवढंच तो सांगत होता. आजी, म्हणजे बाबांची आई, ऐकेना.

"तो आजार तुमच्या घराण्यातला. हे पोर जोगळेकरांचं आहे."

मलाही तसंच वाटलं. आईला आजार नाही, बाबांना नाही, मग बाळाला कुठून येणार?

मामाला इंजेक्शन देणारा त्याचा यंत्रमानव ठकू पुढे झाला. "आजी, पेशीला आडनाव वाचता येत नाही."

त्याने पडदे ओढले, आईच्या गालातली एक पेशी टिपली आणि तिचं चित्र पाळण्यावर हवेत उभं केलं. आत गुणसूत्रं (शरीराच्या सूचना ज्यांवर असतात असे सूक्ष्म धागे) तरंगत होती. आईच्या आतलं ते आभाळ बघताना मी श्वास घ्यायला विसरले. एक्स नावाच्या जोडीतल्या एका धाग्यावर काळसर ठिपका होता.

रक्त गोठवायची एक सूचना एक्सवर असते आणि ती बिघडल्याची खूण म्हणजे तो ठिपका, ठकूने समजावलं. बाईकडे एक्सची जोडी असते. एक बिघडला तरी सहसा दुसरा निभावून नेतो. अशी बाई वाहक (स्वतः सहसा आजारी न पडता आजार पुढे देऊ शकणारी) असते. पुरुषाकडे मात्र एक एक्स आणि एक वाय. मुलाला वाय बाबांकडून मिळतो आणि एक्स आईकडून. आईचा कुठला एक्स येईल, ते नाणं उडवण्यासारखं. बिघडलेला आला, तर सांभाळायला दुसरा नाही.

आजीने पाळण्यावरच्या चित्राकडे बोट केलं. "म्हणजे माझ्या लेकाचा एक्स याच्याकडे आलाच नाही?"

"नाही. वाय मात्र तुमच्या घरचा."

आजीने सोनाराला कान टोचायची तार पेटीत ठेवायला सांगितली. ठकूने बाळाची लाळ तपासली. ठिपका तिथेही होता. आई रडू लागली. आजीने बाळाला उचललं आणि स्वतःच्या हाताने मामाच्या मांडीवर ठेवलं.

"तुम्हीच याला सगळं शिकवा," ती म्हणाली.

मामाने शिकवलं. तो म्हातारा होऊन, शेवटपर्यंत चालता-फिरता गेला. रक्त गोठवणारं द्रव्य यकृतात बनतं; ओजसच्या तिथल्या पेशींना पुढे दुरुस्त सूचना देता आली. आता तो नातवंडांना घेऊन सह्याद्रीत भटकतो. ठकूचे गुडघे गेले आहेत. तो माझ्या स्वयंपाकघरात मटार सोलतो.

मीही वाहक निघाले. माझ्या मुलाला मात्र माझा चांगला एक्स मिळाला. तो तान्हा असताना, तपासणीनंतर त्याचे कान टोचले, तेव्हा तरुण असलेल्या ओजसच्या मांडीवर. रक्ताचा एक थेंब आला. आम्ही सगळे वाकून बघत राहिलो. थेंब तिथेच थांबला.