वलांडीवरचं स्वप्न

"डोळे उघडले तेव्हा टिपॉयवर फोन नव्हता. बस, एवढंच!" नविनभाई म्हणाले आणि हॉटेलच्या गेटपाशीच त्यांनी कपाळाला हात लावला.

यतीन चुरीला लगेच प्रश्न पडला, की भर दुपारी, शेजारी एवढा समुद्र पसरलेला असताना, शहाणीसुरती माणसं डोळे मिटून बसलीच कशाला होती? पण तो गप्प राहिला. मागच्या एका कामात असाच मनात आलेला पहिला प्रश्न विचारून तो तोंडावर आपटला होता, आणि मुक्ताताईने ते घरभर सांगितलं होतं.

मुक्ता सावे त्याची आतेबहीण. डहाणू रोड स्टेशनजवळ एका खोलीत तिचं ऑफिस. पाटीवर 'खाजगी तपास' असं झोकात रंगवलेलं, पण कामं बहुतेक लग्नाआधीच्या चौकशीची. मुलगा खरंच नोकरीला आहे का, घेतो का, आधीचं काही लफडं आहे का. यतीन रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होता. सुट्टीला ताईची स्कूटर चालवायची आणि तर्क लढवायचे, ही त्याची दोन कामं. स्कूटर तो उत्तम चालवायचा.

दोन हजार सतराचा फेब्रुवारी होता. ओहोटीने पाणी इतकं लांब गेलेलं, की तिथे समुद्र आहे की नुसता उजेड, तेच कळत नव्हतं. सुरूच्या झाडांतून वारा एका लयीत वाहत होता. त्या आवाजाने यतीनला उभ्या उभ्या गुंगी यायला लागली.

"नविनभाई, पहिल्यापासून सांगा," मुक्ता म्हणाली.

नविनभाईंची झाईला चिकूची वाडी. बोलणं मराठी, पण मधूनच गुजरातीचा हेल.

"आपला व्हॉट्सॲपवर ग्रुप आहे, मुक्ताबेन. 'पहाटस्वप्न'. ज्याला स्वप्न पडलं त्याने सकाळी आवाजात सांगायचं. टाइप नाही, फोटो नाही. बाकीच्यांनी डोळे मिटून ऐकायचं. नियमच तसा, आणि आता तर अंगवळणी पडलाय. ग्रुप काढला मोहनभाई पाध्येंनी. तलासरीला तहसील कचेरीत होते. काय स्वप्नं पडायची त्या माणसाला! ऐकलं की दिवसभर जमिनीवर पाय ठरत नसे. गेल्या वर्षी वारले. आम्ही तोपर्यंत एकमेकांची तोंडंसुद्धा पाहिली नव्हती. म्हटलं, आता तरी भेटू या. म्हणून हा शनिवार-रविवार."

"आणि फोन कुणाचा?"

"मोहनभाईंचाच. मनोरमावहिनी, म्हणजे त्यांच्या मिसेस, घेऊन आल्या. त्यात काही स्वप्नं आहेत, कधीच न पाठवलेली. जुनी तर आमच्याकडे राहिलीच नाहीत. फोन भरला की माणूस आधी तेच उडवतो ना! आता मोहनभाईंचा आवाज त्या एका फोनात आहे. चहानंतर सगळ्यांनी उतरवून घ्यायचं ठरलं होतं."

"आणि फोन सापडलाच नाही तर?"

नविनभाईंनी चष्मा काढून हातात धरला. "तर मोहनभाई दुसऱ्यांदा गेले असं समजा."

खोली तळमजल्यावर होती, समोर व्हरांडा. मध्ये टिपॉय, त्याला टेकून एक बसका दिवाण आणि जरा लांब वेताच्या तीन खुर्च्या. मुक्ता एका खुर्चीवर बसली तशी ती कुरकुरली. यतीन दुसरीवर बसला, तर ती अशी किंचाळली, की व्हरांड्यातला कावळा उडाला. मुक्ताने तिन्ही खुर्च्यांवर बसून-उठून पाहिलं. यतीनला वाटलं, ताईला चैन पडत नाहीये.

आधी ग्रुपमधली निलम आली. तलासरीच्या शाळेत शिक्षिका, बोलणं स्पष्ट.

"मी या खुर्चीवर, मिथुन त्या, नविनभाई पलीकडच्या. मनोरमाकाकू दिवाणावर. मिथुनने रेकॉर्डिंग लावलं, फोन टिपॉयवर ठेवला आणि आपल्या जागेवर गेला. मग काकांचा आवाज." ती जरा थांबली. "आवाज थांबला तरी आम्ही तसेच बसलो. काका मध्येच थांबायचे. मला पावलं ऐकू आली नाहीत, काहीच नाही. वारा तेवढा होता. नंतर आम्ही तिघांनी एकमेकांच्या बॅगा, खिसे, गाद्या, सगळं पालथं घातलं."

"काकूंची पिशवी?"

"अहो, ज्यांचं गेलं त्यांचीच झडती घ्यायची?" निलमला रागच आला.

मग मिथुन. उंबरगावच्या एका कारखान्यात हिशेब पाहायचा. डोळे अजून लाल होते.

"मॅडम, सगळ्यांचा डाउट माझ्यावर आहे. कालच मी काकूंना म्हटलं होतं, फोन मला ठेवायला द्या म्हणून. वडील गेले तेव्हा मला झोप लागत नव्हती. काकांचा आवाज लावून झोपायचो. मी चोरेन का तो?"

"स्वप्न काय होतं आजचं?"

मिथुनने नकळत डोळे मिटले. "पहाटेच्या धुक्यात काका बोंबील सुकत घालत होते. वलांडीवर, ते बांबू आणि दोऱ्या बांधलेल्या असतात ना, त्यावर. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. त्याचे बारीक दात बोटात रुततात, त्या चिरांत खारं पाणी गेलं की झोंबतं, मग अंगठा बधिर होतो आणि जोडी सुटते. दोऱ्या धुक्यात शिरत होत्या, संपतच नव्हत्या. मग म्हणाले, 'तेवढ्यात खाडीच्या वाटेने एक माणूस चालला होता.' आणि थांबले."

"तुम्हाला वाटलं, सवयीने थांबले."

"हो ना. मी वाट बघत होतो, तो माणूस कोण ते."

नविनभाईंकडून नवीन काही कळलं नाही. फक्त जेवणाचं विचारताना ते म्हणाले, "डहाणूला येऊन पापलेट नाही, म्हणून हॉटेलवाला हसत होता. पण मोहनभाईंसाठी आज सगळं शाकाहारी. स्वतःच सांगायचे ना ते, मासळीची गल्ली आली की मी रस्ता बदलतो. वास सहन व्हायचा नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मुक्ताबेन, तो पोरगा मिथुन. संध्याकाळपर्यंत फोन मिळाला नाही तर मी पोलिसांत जाणार. मग त्याची नोकरी राहो न राहो."

शेवटी मनोरमाबाई. साठीच्या, अंगाने बारीक, मांडीवर कापडी पिशवी. दिवाणाच्या कडेला त्या अशा बसल्या होत्या, जणू गाडी यायची आहे.  यतीनने आपणहून पाण्याचा पेला आणून दिला.

"तुम्ही इथेच बसला होतात?" मुक्ताने विचारलं.

"इथेच. मान मला ना आज!" त्या कोरडं हसल्या.

"आवाज चालू असताना काय झालं?"

"काय होणार? बसले होते सगळे डोळे मिटून. मिथुन रडत होता. आवाज नाही, नुसतं गालांवरून पाणी. नविनभाई मान डोलवत होते. निलमचे ओठ हलत होते, पोथी ऐकतात तसं. आवाज थांबला. मग फोन नाही, फोन नाही म्हणून आरडाओरडा."

"साहेबांची स्वप्नं तुम्ही याआधी ऐकली होती?"

"कुठली? सकाळचा चहा झाला की फोन घेऊन ओट्यावर जायचे आणि बोलत बसायचे. मी आत चुलीशी."

"घरात तुमच्याशी बोलायचे?"

"घरात 'हं'." त्यांनी तो हुंकार नवऱ्यासारखा काढून दाखवला. "चहा गाळताना मीच बडबडायचे. सवय माझी. आमच्याकडे बायका जाळ्याजवळ बसल्या की तोंड बंद नसतं."

"माहेर कुठलं?"

"ते काय, खाडीपलीकडे. धाकटी डहाणू. तांडेलांची मी. पाध्यांच्या घरात आले आणि मासळी सोडली. कचेरीतला माणूस आवडला, काय करणार!" पिशवी उचलत त्या म्हणाल्या, "मला आता निघू द्या. अंधाराआधी जरा खाडीवर थांबून घरी जाईन."

मुक्ता यतीनला घेऊन किनाऱ्यावर गेली. ओल्या वाळूवर आभाळ उतरलं होतं. लांब दोन बायका शिंपल्या वेचत होत्या, आणि त्या आभाळातच चालत आहेत असं वाटत होतं.

"मिथुन," यतीन ठामपणे म्हणाला. "रडता रडता हात मारला."

"उडत जाऊन?"

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. चल लवकर, त्या बाई खाडीवर जायच्या आत."

सगळे पुन्हा खोलीत जमले. मनोरमाबाई दारातच उभ्या होत्या, मुक्ताने त्यांना दिवाणावर बसायला सांगितलं.

"चोरी झालेलीच नाही," मुक्ता म्हणाली. "मिथुन, तू आधी मोकळा श्वास घे. या तिन्ही खुर्च्या माणूस हलला तरी ओरडतात. यतीन बसला तर कावळा उडाला. टिपॉय खुर्च्यांपासून लांब आहे, उठल्याशिवाय हात पोचत नाही. शांत खोलीत सगळे कान टवकारून बसलेले असताना एकही खुर्ची वाजली नाही. म्हणजे फोन उचलणारं माणूस खुर्चीवर नव्हतं."

सगळ्यांच्या नजरा दिवाणाकडे गेल्या आणि लाजून परत फिरल्या.

"ताई, काहीतरीच काय! काकूंचे पण डोळे मिटलेले होते," यतीन म्हणाला.

"ग्रुपमधल्यांचे मिटलेले होते. त्यांची सवय ती. काकू ग्रुपमध्ये कधी होत्या? मिथुनचं पाणी, नविनभाईंची मान, निलमचे ओठ, सगळं त्यांनी पाहिलं. आवाज न होणाऱ्या गोष्टी या, मिटल्या डोळ्यांना दिसत नाहीत. मग ज्यांना एवढं दिसलं, त्यांना हाताजवळचा फोन नेणारं माणूस दिसू नये?"

यतीनने मनातल्या मनात स्वतःच्या डोक्यात टपली मारली.

"पण का?" निलमने विचारलं. "त्यांचाच तर फोन!"

"बोंबलांमुळे. मासळीच्या गल्लीतून न जाणारा माणूस. जबड्यात जबडा अडकवतात हे लांबून दिसेलही एखाद वेळी. पण दात रुतल्यावर चिरेत काय झोंबतं, अंगठा कधी बधिर होतो, हे वलांडीवर हात चालवलेल्या माणसालाच कळतं. आणि अशी या खोलीत एकच व्यक्ती आहे." मुक्ताचा आवाज मऊ झाला. "काकू, स्वप्न तुमचं होतं ना?"

मनोरमाबाईंनी पिशवीत हात घातला. जुन्या फडक्यात गुंडाळलेला फोन टिपॉयवर ठेवला.

"हे एकच नाही, सगळीच माझी असणार!" त्यांचा आवाज चिरकला. "नविनभाई काल सांगत होते, मोहनभाईंना स्वप्न पडलं, होडी आंब्याच्या झाडावर बांधलेली. माझी होडी ती! निलम म्हणाली, आभाळातून जाळं पडतं. माझ्या बापाचं जाळं! तेव्हाच काळजात चर्र झालं. रोज सकाळी मी सांगायचे आणि हा माणूस कपात बघत 'हं' म्हणायचा. बाहेर जाऊन वाहवा घ्यायचा. आणि मला माहीतच नाही! राग आला मला. आजपर्यंत कधी आला नव्हता एवढा."

 नविनभाई उगाच चष्मा पुसत राहिले.

"पण तुम्ही बरोब्बर त्या माणसापाशी बंद केलं," मुक्ता म्हणाली. "का?"

"कारण पुढचं मला ठाऊक आहे. खाडीच्या वाटेने जाणारा माणूस म्हणजे हेच. मी वलांडीवरून हाका मारते, घसा फुटेपर्यंत मारते. हे सरळ निघून जातात. वळूनसुद्धा बघत नाहीत. तेसुद्धा सांगितलं होतं मी चहा गाळताना. तेव्हाही 'हं'च." त्यांनी डोळे टिपले. "आता तेही यांच्या तोंडून, सगळ्यांच्या समोर ऐकू? नको. खाडीत टाकणार होते मी हा फोन."

"टाका हवा तर. तुमचा आहे, कुणी अडवणार नाही," मुक्ता म्हणाली. मिथुन दचकला, पण तिने त्याला हातानेच थांबवलं. "फक्त एक सांगते. दात, चिरा, खारं पाणी, अंगठा. नुसतं 'हं' म्हणणाऱ्या माणसाने यातला एक शब्द सांडला नाही. आणि आज लावलेलं स्वप्न त्यांनी कुणालाच पाठवलं नव्हतं. का, ते मला ठाऊक नाही. या फोनात असलं तर असेल."

मनोरमाबाईंनी फोन मिथुनकडे सरकवला. बाहेर वारा पडला होता. मग म्हणाल्या, "मिथुन, लाव रे पुढचं."

मोहनरावांचा आवाज खोलीत आला. जाड, संथ, थोडा खोकत.

"...एक माणूस चालला होता. नीट बघतो तर तो मीच. मी वलांडीवरून त्याला हाक मारली. पुष्कळ वेळा मारली. आणि तो थांबला. वळला. म्हणाला, ऐकतोय गं. तू सांग पुढे."

मग नुसता खोकला, आणि कप खाली ठेवल्याचा आवाज.

निलम रडत होती. यतीनने खिडकीबाहेर तोंड फिरवलं, कारण त्याचंही काही खरं नव्हतं.

"खोटारडा!" मनोरमाबाई म्हणाल्या. "वळला नव्हता. साफ खोटं सांगितलंन." त्यांचा चेहरा हसावं की रडावं अशा गोंधळात सापडला होता. त्यांनी फोन निलमच्या हातात दिला. "घ्या उतरवून सगळ्यांनी. आवाज त्यांचा राहू दे. पण स्वप्नं कुणाची, ते आधी सांगायचं, काय?"

नविनभाईंनी मान हलवली आणि मिथुनशेजारच्या खुर्चीत जाऊन बसले.

"आणि हे शेवटचं," त्या थांबून म्हणाल्या, "हे मला पुन्हा एकदा लावून दे."